नवरीची हरकत

आमच्या चर्चमध्ये माझ्याकडे दोन कामं आहेत. मंडळीची सचिव म्हणून रविवारच्या सूचना मी तयार करते, आणि लग्नाळू मुला-मुलींची वही मी ठेवते. पहिलं काम निवडणुकीने आलं, दुसरं तोंडामुळे. आठ वर्षांपूर्वी महिला मंडळात कोणीतरी म्हणालं की आपल्या लोकांना आपलीच स्थळं माहीत नसतात, एक वही करायला हवी. मी विचारलं, "रकाने कोणते ठेवायचे?" एवढं विचारल्यावर ते काम दुसऱ्या कोणाकडे जाणं शक्य नव्हतं.

रकाने मीच ठरवले. वय, शिक्षण, नोकरी, कोणत्या मंडळीचे सभासद, बाप्तिस्मा, दृढीकरण, घरी कोण कोण, आणि शेवटी सगळ्यात रुंद रकाना अपेक्षांचा. तो रुंद ठेवला हे बरं केलं. माणसं स्वतःच्या नोकरीबद्दल एक ओळ लिहितात आणि न भेटलेल्या बायकोबद्दल सहा. "प्रार्थनाशील, नम्र, स्वयंपाकाची आवड असलेली, परदेशी जाण्याची तयारी" हे सगळं एकाच मुलीत हवं होतं. एका मुलीने लिहिलं, "देवभीरू असावा, आणि पार्किंगसह दोन बेडरूमचा फ्लॅट." एका आईने मुलाच्या वतीने लिहिलं, "मुलगी शिकलेली हवी, पण बोलून दाखवणारी नको." आणि एका मुलाने फक्त एवढंच: "कुत्रा चालेल अशी हवी." त्याचं लग्न सगळ्यात आधी जमलं.

नकार कळवण्याची आमची पद्धतही वहीने मला शिकवली. आमच्यात तोंडावर नाही म्हणत नाहीत. "आम्ही प्रार्थनेत ठेवलंय" असं म्हणतात. पहिल्या आठवड्यात म्हटलं तर खरंच प्रार्थना चालू असते. महिन्याभराने म्हटलं तर तो नकार असतो. मी पेन्सिलीने नावापुढे टिंब देते. तीन टिंबं झाली की दुसरं स्थळ काढते, कोणाला अवघडायला होत नाही.

माझं स्वतःचं लग्न वीस मिनिटांत ठरलं. पाळकांच्या घरी बैठकीच्या खोलीत दोन वेताच्या खुर्च्या, दार सताड उघडं, आणि बिस्किटं हवीत का हे विचारायला पाळकबाई दर तीन मिनिटांनी आत. ह्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"तुम्हाला गाता येतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं झालं. मलाही येत नाही. रविवारी शेजारी उभं राहायला अडचण नाही."

त्याला सत्तावीस वर्षं झाली. अजूनही आम्ही शेजारी उभे राहतो आणि पुढच्या बाकावरची माणसं सोसतात. त्यामुळे माझं मत असं होतं की प्रश्न बरोबर असेल तर वीस मिनिटं पुरतात. हे मत माझ्या भाचीने मोडीत काढलं, आणि तिला तसा अधिकार होता.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण नगरला असते. भाचीचं लग्न पंचविसाव्या वर्षी तिथेच ठरलं होतं, वीस मिनिटांच्याच भेटीवर. साखरपुडा झाला, पत्रिका छापून आल्या, आणि लग्नाला महिना राहिला असताना मुलाकडून निरोप आला, "प्रभूची इच्छा दिसत नाही." प्रभूची इच्छा काय होती ते नंतर कळलं. मुलाचं त्याच्या ऑफिसातल्या मुलीवर प्रेम होतं आणि घरी सांगण्याची हिंमत नव्हती. भाचीचा यात काडीचा दोष नव्हता, पण तिच्या नावाला एक शेपूट चिकटलं. "तिचं मोडलं ना, ती." चर्चमध्ये बायका तिचा हात हातात घेऊन दाबायच्या. तीन वर्षं दर रविवारी हात दाबून घेतल्यावर तिने पुण्यात नोकरी शोधली. कर्वेनगरमध्ये दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेतला, आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये गायला लागली, आणि रविवारी दुपारी येरवड्याला आमच्याकडे जेवायला येऊ लागली. घराण्यात गाता येणारी ती एकटीच.

एका रविवारी जेवणं झाल्यावर मी वही तिच्यापुढे ठेवली. तिने निमूटपणे सगळे रकाने भरले. शेवटच्या रुंद रकान्यात दोनच वाक्यं लिहिली: "आधी ओळख. बाकीचं नंतर."

"म्हणजे किती ओळख?" मी विचारलं.

"सहा महिने."

"सहा महिने करणार काय?"

"बोलणार. फिरणार. तो वेटरशी कसा बोलतो ते बघणार. भांडण झालं तर कसा वागतो ते बघणार."

हे पेपर वाचत होते. पेपरमागून म्हणाले, "डेटिंग म्हण की सरळ."

"म्हटलं तर चालेल का, काका?"

"मला चालेल. तुझ्या मावशीच्या वहीत रकाना नाही."

रकाना नव्हता हे खरंच. आमच्यात मुलगा-मुलगी एकदा एकत्र दिसली तर लोक समजतात चर्चचं काम असेल. दोनदा दिसली तर साखरपुडा कधी विचारतात. तरुण संघात यावर व्याख्यानं होतात. भेटीगाठींमागे हेतू लग्नाचा असावा, नुसती करमणूक नसावी, असं सांगतात, आणि ते मला पटतं. पण हेतू लग्नाचा असला तरी माणूस बघायला वेळ लागतो, तो कुठून आणायचा हे त्या व्याख्यानात नसतं.

भाचीची एक अट होती. कोणाला कळता कामा नये, अगदी नगरलाही नाही. ती म्हणाली, "मावशी, एकदा मोडलं तर लोक मुलाला नावं ठेवतात. दोनदा मोडलं की मुलीतच काहीतरी आहे म्हणतात. मला परत सगळ्यांकडून हात दाबून घ्यायचे नाहीत. आईला तर नाहीच सांगायचं. मागच्या वेळी तिनं माझ्यापेक्षा जास्त रडून घेतलं."

मी शब्द दिला. मग वही काढली.

तिच्यासाठी मी धायरीचा एक मुलगा निवडला. तेहतीस वर्षांचा, फिजिओथेरपिस्ट, वडील नाहीत, घरी आई. त्यांची मंडळी आमच्यासारखी जुन्या वळणाची नाही. ते एका हॉलमध्ये जमतात, टाळ्या वाजवून गातात, आणि त्यांच्या बायका सोनं घालत नाहीत. मंडळीच्या रकान्यात मी हे सगळं बारीक अक्षरात लिहिलं होतं. पण अपेक्षांच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, "मनातलं सांगणारी हवी." वहीतल्या सगळ्या मुलांमध्ये हे लिहिणारा तो एकच होता.

पहिली भेट आमच्या घरी झाली. मी वीस मिनिटांच्या हिशेबाने चहा टाकला. दोघं अडीच तास बोलत बसले. मी तीनदा चहा केला, चौथ्यांदा ह्यांनी मला स्वयंपाकघराच्या दारातच अडवलं. "अगं, पाळकबाई होऊ नकोस."

त्यानंतर ते बाहेर भेटू लागले, आणि मी काही विचारलं नाही. पाच आठवडे विचारलं नाही. पण काही न करता बसणं हा माझा स्वभाव नाही. विचारायचं नाही असं ठरलं होतं. तयारी करायची नाही असं कुठे ठरलं होतं?

इथे बॅन्सबद्दल सांगायला हवं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत जाहीर सूचना वाचतात, त्याला बॅन्स म्हणतात. अमुक मुलगी आणि तमुक मुलगा यांचा विवाह योजिला आहे, कोणाची न्याय्य हरकत असेल तर सांगावी. त्याचा छापील फॉर्म असतो, आणि तो लोक हमखास चुकीचा भरतात. जन्मतारखा उलट्या, आडनावं आईकडची. ऐन वेळी धावपळ नको म्हणून मी या दोघांचा फॉर्म भरून ठेवला. सगळी माहिती वहीत होतीच. फक्त लग्नाची तारीख कोरी ठेवली. आणि सूचनांच्या ज्या फाइलमध्ये बॅन्सचे फॉर्म असतात त्या फाइलमध्ये, सगळ्यात शेवटी, तो लावला. कागद जिथे असायला हवा तिथे असावा, हे मी शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय.

पुढच्या रविवारी हंगामाचा सण होता. त्या दिवशी लोक घरचं-दारचं काहीतरी देवाला अर्पण म्हणून आणतात. भोपळे, ऊस, केक, नारळ, जिवंत कोंबड्या. उपासनेनंतर आवारात त्यांचा लिलाव होतो. चर्च खच्चून भरतं. सणाला आमच्याकडे पाळकांची अदलाबदल होते. आमचे पाळक दुसऱ्या चर्चमध्ये गेले होते आणि आमच्याकडे एक वयस्कर पाहुणे पाळक आले होते. शिस्तीचे गृहस्थ. मी त्यांना सूचनांची फाइल दिली. "सगळं क्रमाने लावलंय," मी अभिमानाने सांगितलं.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. धायरीचा मुलगा त्या दिवशी आला होता. आमच्या चर्चमध्ये यायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं, पण तिला गाताना ऐकायचं म्हणून तो गुपचूप येऊन शेवटच्या बाकावर बसला, तो नेमका ह्यांच्या शेजारी. हे सणाला मागेच बसतात, कोंबड्यांपासून लांब. ह्यांनी त्याला ओळखलं, गीतांचं पुस्तक दिलं आणि कानात सांगितलं, "माझ्या सुरात गाऊ नका. बिघडाल."

सूचनांची वेळ आली. पाहुण्या पाळकांनी आजाऱ्यांची यादी वाचली, महिला मंडळाची सभा वाचली, त्या महिन्यातल्या एका खऱ्या लग्नाचे बॅन्स वाचले. मग पान उलटलं आणि त्याच आवाजात माझ्या भाचीचं नाव वाचलं.

मी तिसऱ्या बाकावर होते. मी तिथल्या तिथे उठायला हवं होतं. मी काय केलं, तर पर्स उघडली. पर्समध्ये मला काय सापडणार होतं कोण जाणे. तोपर्यंत त्यांनी मुलाचं नाव, धायरी, त्याच्या मंडळीचं नाव, सगळं स्पष्ट उच्चारात वाचलं होतं. तारखेच्या कोऱ्या जागेपाशी ते क्षणभर थांबले आणि पदरचं घातलं, "तारीख लवकरच कळवण्यात येईल."

चर्चभर एक गोड कुजबुज पसरली. माझ्या शेजारच्या बाईंनी माझा गुडघा दाबला. क्वायर समोर, मंडळीकडे तोंड करून बसतं. भाची दुसऱ्या रांगेत होती, आणि दीडशे माणसं हसऱ्या तोंडाने तिच्याकडे बघत होती.

"या विवाहास कोणाची न्याय्य हरकत असल्यास त्यांनी सांगावी," पाळक म्हणाले. हे वाक्य वाचून सगळेच पाळक एक श्वास थांबतात आणि पुढे जातात. माझ्या आठवणीत कधी कोणी काही बोललेलं नाही. त्यांनी पानाला हातही लावला होता.

"माझी आहे."

भाची उभी राहिली होती. हातात गीतांची फाइल, आवाज अगदी स्वच्छ.

पाळकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपलं वधूशी नातं काय?"

"वधू मीच आहे."

कोणीतरी फस्सकन हसलं आणि खोकल्याचं नाटक केलं.

"आणि हरकत?"

"मला अजून कोणी विचारलेलं नाही."

आता खोकणारे पुष्कळ झाले. तेवढ्यात मागून बाक सरकल्याचा आवाज आला. सगळ्या माना वळल्या. धायरीचा मुलगा उभा होता, कानापर्यंत लाल.

"माझीही हरकत आहे, पाळकसाहेब."

"आपण कोण?"

"नवरा मुलगा. मी अजून विचारलेलं नाही. तिला वेळ हवा होता. मी थांबायला तयार आहे. आजही तयार आहे."

हे तो पाळकांना सांगत होता, पण बघत क्वायरकडे होता. हसू आपोआप थांबलं. पाळकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"चाळीस वर्षांच्या सेवेत पहिल्यांदा हरकत आली, तीही दोन्ही पक्षांकडून," ते म्हणाले. "दोन्ही मान्य. गीत घेऊ या."

क्वायरला गाता येईना. सगळ्या मुली खिदळत होत्या, भाची सोडून.

उपासना संपल्यावर ती मला चर्चच्या मागच्या दाराशी भेटली.

"फॉर्म तू भरलास?"

"तारीख नव्हती भरली गं."

"वा, मावशी. उपकार."

मी क्षमा मागितली. ती ऐकून घेत होती, पण तिचं लक्ष आवाराकडे होतं. तिथे माणसं घोळक्याने उभी होती आणि घोळके आमच्याकडे बघत होते. "तो चांगला आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "आज जे बोलला ते तर फारच. पण मला अजून माहीत नाही, मावशी. पाच आठवड्यांत कसं माहीत होणार? आणि आता मी नाही म्हणाले तर परत तेच. परत मोडलं. आता तर दीडशे साक्षीदार आहेत."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हणाले, "चल माझ्याबरोबर."

आवारात लिलाव सुरू झाला होता. आमचे खजिनदार काका माइकवर भोपळा विकत होते. "बघा बघा, पाळकांच्या प्रवचनापेक्षा लांब भोपळा!" भोपळा गेल्याबरोबर मी त्यांच्या हातातून माइक घेतला.

"मंडळीची सचिव म्हणून बोलते," मी म्हणाले. "आज वाचलेली एक सूचना चुकीची होती. काहीही ठरलेलं नाही. फॉर्म मी आगाऊ भरून ठेवला होता. चूक माझी, पाहुण्या पाळकांची नाही, आणि या दोघांची तर मुळीच नाही."

"आगाऊ!" खजिनदार काका म्हणाले. "बाई, आमच्या अंत्यविधीचे फॉर्म तर भरून ठेवले नाहीत ना?"

"तुमचा विचाराधीन आहे," मी म्हणाले. लोक हसले, आणि मला जरा धीर आला. "हे दोघं एकमेकांना ओळखून घेतायत. त्यांना सहा महिने हवेत. मी ठराव मांडते की तोपर्यंत कोणी त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना काहीही विचारू नये."

पुढच्या खुर्चीवर बसलेल्या मंडळीतल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "सहा महिने? आम्हाला नवरा लग्नाच्या दिवशी दिसला."

"मग आजी, कसा निघाला?" कोणीतरी विचारलं.

आजींनी विचार केला. "सहा महिने द्या तिला," त्या म्हणाल्या.

तेव्हा भाचीने माझ्याकडून माइक घेतला. धायरीचा मुलगा उसाच्या मोळीपाशी उभा होता. तिने त्याच्याकडे एकदा पाहून घेतलं.

"एक दुरुस्ती आहे," ती म्हणाली. "आमचं नाही जमलं, तर मोडलं म्हणायचं नाही. नाही जमलं, एवढंच म्हणायचं. आणि कोणी माझा हात दाबायचा नाही."

नगरची गोष्ट अर्ध्याअधिक लोकांना माहीत होती. मग आजींनी हात वर केला. त्यांच्या मागे एकेक करत सगळ्यांनी केले, ज्यांनी केकचे डबे धरले होते त्यांनी डबे वर केले.

"दुरुस्तीसह ठराव मंजूर," खजिनदार काकांनी माइक परत घेतला. "आता कोंबडी."

मी घरी पोचायच्या आत बातमी नगरला पोचली. बहिणीचा फोन आला तेव्हा मी बोलणी खायच्या तयारीने उचलला. ती म्हणाली, "मी चार वर्षं थांबलेय. सहा महिने काय." मग थोडं रडली. धायरीहून मुलाच्या आईचाही फोन आला. "तुमच्याकडे मुलगी बघायच्या आधीच जाहीर करता का हो?" मी म्हटलं, "फक्त सणाला." त्या हसल्या, मग मला हायसं वाटलं.

पुढचे महिने फार मजेचे गेले. लपण्याचं कारण उरलं नव्हतं, म्हणून दोघं उघड फिरू लागले, आणि लपायची वेळ मंडळीवर आली. ठराव पाळायचा म्हणजे काय करायचं हे कोणाला नीट कळलं नव्हतं. खजिनदार काका आणि काकू एकदा कर्वेनगरच्या हॉटेलात डोसा खात होते, तेवढ्यात ही जोडी आत आली. काकांनी मेनूकार्ड तोंडासमोर धरलं ते डोसा थंड होईपर्यंत काढलं नाही. शेवटी मुलगाच त्यांच्या टेबलापाशी जाऊन "सलाम, काका" म्हणाला. काका मेनूकार्डामागून म्हणाले, "मी तुम्हाला पाहिलेलं नाही." नाताळात भाची धायरीच्या हॉलमध्ये टाळ्या वाजवून गायली आणि तो आमच्या क्वायरच्या मागे खुर्च्या लावत फिरला. कोणी काही विचारलं नाही. आजींनी फक्त त्याला दोनदा केक दिला.

सगळ्यात अवघड मला गेलं. ठराव मी मांडला होता, त्यामुळे तो मोडायची सोय नव्हती. रविवारी भाची जेवायला आली की मी हवामानावर बोलायचे. येरवड्याचं हवामान, कर्वेनगरचं हवामान, मग धायरीचं. "धायरीला गारठा जास्त असेल नाही, टेकड्यांमुळे?" हे म्हणायचे, "हिला सरळ तापमान सांगून टाक गं." भाची हसायची आणि आमटी वाढून घ्यायची.

मार्चमध्ये मात्र ती दोन रविवार गप्प होती. तेव्हा लेंट सुरू होता, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस. मी हवामानावरही बोलले नाही. दुसऱ्या रविवारी ती जाताना जिन्यात थांबली, काहीतरी बोलेल असं वाटलं, पण "येते मावशी" एवढंच म्हणाली. त्या रात्री मी वही उघडली नाही, तिच्यासाठी दुसरं नाव शोधलं नाही. माझ्या हिशेबाने ती माझी मोठी कमाई आहे.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलावर ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला कोण काय आणणार याची यादी करत होते. बेल वाजली. दोघं दारात होते, त्याच्या हातात भलंमोठं कलिंगड. मी कागद आवरले. ह्यांनी कलिंगड हातात घेऊन टिचकी मारून पाहिलं.

"सहा महिन्यांना अजून तीन आठवडे आहेत," हे म्हणाले. "मी मोजत नाही. मोजलेलं मला सांगितलं जातं."

"काका, आमचं भांडण झालं," भाची म्हणाली. ती हे आनंदाने सांगत होती, म्हणून मी खुर्ची ओढून बसले.

भांडण कानातल्यांवरून झालं होतं. भाचीच्या कानात नेहमी सोन्याच्या बारक्या कुड्या असतात, तिच्या आजीच्या. त्यांच्या मंडळीत बायका सोनं घालत नाहीत, तेव्हा पुढे काय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, "आई काही म्हणणार नाही." ती म्हणाली, "आईचं नाही विचारलं, तुझं विचारलं." तो म्हणाला, कशाला उगाच विषय वाढवायचा, बघू नंतर. ती राजाराम पुलापाशी त्याच्या गाडीवरून उतरली आणि रिक्षाने घरी गेली. दहा दिवस बोलली नाही.

"मला वाटलं, आता निरोप येईल," ती म्हणाली. "प्रभूची इच्छा वगैरे."

"मग?"

"मग हा स्वतः आला. ऑफिसच्या खाली उभा होता. म्हणाला, माझं चुकलं, मी टाळलं, कारण मला स्वतःला माहीत नव्हतं. आता विचार केलाय. तुझे कान, तुझी आजी. मला त्यात काही वावगं वाटत नाही, आणि हे मी आईला सांगून आलोय."

"आई काय म्हणाल्या?" ठराव विसरून मी विचारलंच.

आता तो बोलला. "आई म्हणाली, घालू दे की. तुला कोणी घालायला सांगितलंय?"

हे एवढ्या जोरात हसले की कलिंगड टेबलावरून घरंगळलं. ते पकडण्याच्या गडबडीत भाचीने पुढचं सांगितलं, एखादी विसरलेली गोष्ट सांगावी तसं. "तिथंच ऑफिसच्या खाली मी त्याला विचारलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाला. वॉचमन बघत होता."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. ह्यांचं म्हणणं आहे की मी काहीच बोलले नाही, आणि सत्तावीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. माझ्या मनात लगेच तीन गोष्टी आल्या होत्या: ईस्टरनंतरचे रविवार, हॉल आणि केटरर. मी त्या तिथेच दाबल्या आणि म्हणाले, "नगरला फोन लाव."

भाचीने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. बातमी तिनेच सांगितली. मग बहिणीचा भरलेला आवाज आला, "सगळे उभे राहा. प्रार्थना करू."

आम्ही चौघं टेबलाभोवती उभे राहिलो. बहिणीची प्रार्थना लांब असते. आनंदात ती दुप्पट होते. तिने देवाचे आभार मानले भाचीसाठी, मुलासाठी, त्याच्या आईसाठी, माझ्यासाठी, चुकांसाठीसुद्धा, "कारण प्रभू, तू चुकांचाही उपयोग करतोस." एकदा ती दम घ्यायला थांबली. ह्यांनी पटकन "आमेन" म्हटलं आणि खुर्ची मागे ओढली.

"आणि प्रभू," फोन म्हणाला, "लग्नाची साडी नगरलाच घ्यायची, याची तिला बुद्धी दे."

भाचीने मिटल्या डोळ्यांनी जावयाला कोपराने ढोसलं, कारण तो हसत होता, आणि ती स्वतः त्याच्याहून जास्त हसत होती.